आधी जाळं

मुळा धरणात मासे धरण्यात रंगनाथचा हात धरणारा राहुरीकडे कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यामुळे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची चाचणी ठरली, तेव्हा तेवढ्या भागातली जाळी काढून घ्यायचं काम धरणावरच्या साहेबांनी त्याच्यावरच सोपवलं. इतरांना त्याने दम देऊन जाळी काढायला लावली. स्वतःचं मात्र बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांना बांधून पुरुषभर खोल ठेवलं. विमान वरून जाईल, जाळं खाली राहील, असा त्याचा शहाणपणा. पाणी साफ आहे, असं त्याने साहेबांना छातीठोक सांगून टाकलं.

मग शेतीसाठी धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं. आठ दिवसांत पाणी उतरलं आणि झाडांना बांधलेलं जाळं जागच्या जागी उघडं पडायला आलं. आवर्तन सुटलं की धरण उतरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या धरणाच्या राजाच्या ध्यानात आलं नाही. विमानाने पाण्यावर पाय टेकले, ते जाळ्यात अडकलं आणि नाकावर उलटलं.

होडी घेऊन पहिला पोचला तो रंगनाथच. वैमानिक राजनंदिनी पाण्याखाली सीटच्या पट्ट्यात उलटी लटकत होती. त्याने कोयत्याने आधी जाळं कापून कोणाला दिसू नये असं तळाला बुडवलं, मग तिचा पट्टा कापला. ती वाचली, हात तेवढा मोडला. तेव्हापासून रंगनाथला स्वतःच्या हातांची किळस येत होती.

पाचव्या दिवशी गावाने त्याचा सत्कार ठेवला. विमान चुकीचं उतरवलं म्हणून बाईचं लायसन जाणार, ही बातमी एव्हाना सगळीकडे झाली होती. शाल-नारळ झाल्यावर प्लास्टरमधला हात सावरत राजनंदिनी पुढे आली आणि त्याच्या पाया पडायला वाकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाया नका पडू, मॅडम. तुमचं काय चुकलं न्हाई. जाळं माजं हुतं. मीच ठिवलं हुतं."

टाळ्या थांबल्या. साहेब खाली बघू लागले. राजनंदिनी मटकन खुर्चीत बसली आणि रडली. पाच दिवस ती स्वतःलाच दोष देत होती. मग डोळे पुसून ती उठली.

"काका, सगळ्यांसमोर खरं बोललात. आणि त्या दिवशी क्षणाचाही उशीर न करता मला बाहेर काढलंत. ते मी विसरणार नाही."

ती पुन्हा वाकली. रंगनाथने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि तिला पाया पडू दिलं.