तिसरं कपाट, खालून दुसरा खण

"ते सगळं कळलं गं. पण कशासाठी?" यामागिशींनी विचारलं.

जेवणाच्या खोलीत कारखान्याची अठ्ठावीस माणसं बसली होती. दुपारचे डबे नुकतेच आवरले होते, मुरवलेल्या मुळ्याचा वास अजून रेंगाळत होता. काझुए निशिदे भिंतीपाशी उभी राहून कागद वाचत होती. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर येणार, चष्म्याच्या फ्रेमांचा कुठला माल कुठल्या टप्प्यावर आहे ते संगणकावर दिसणार, त्याने उत्पादकता वाढणार. 'उत्पादकता' हा शब्द चौथ्यांदा आला तेव्हाच यामागिशींनी हात वर केला होता.

"उत्पादकता वाढावी म्हणून," ती म्हणाली.

"ते तू वाचलंस. मी तुला विचारतोय."

मागे कुणीतरी हसलं. काझुएने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली, आणि खाली बसायचं सोडून चहाचे पेले गोळा करू लागली. ते काम तिचं नव्हतं.

जपानमधल्या साबाए गावात चष्म्याच्या धंद्याशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. काझुए अठ्ठाविसाव्या वर्षी या कारखान्यात पॉलिशच्या खोलीत लागली, यामागिशींच्या हाताखाली. दोन वर्षांत तिची मनगटं गेली. तेव्हाच्या थोरल्या मालकांनी तिला घरी न पाठवता कार्डांचं काम दिलं. एक फ्रेम तयार व्हायला दोनशेच्या वर टप्पे. अर्धे कारखान्यात, अर्धे बाहेर, कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये. प्रत्येक ट्रेबरोबर पुठ्ठ्याचं एक कार्ड फिरायचं. सकाळी आठ, दुपारी एक आणि चार वाजता काझुए फेरी मारायची आणि कुठला ट्रे कुठवर आला ते कार्डावर लिहायची. सव्वीस वर्षांत कार्ड नावापुरतं उरलं होतं. ट्रे सापडला नाही की लोक कार्डांच्या फळीकडे जात नसत, काझुएला हाक मारत.

थोरल्या मालकांचा मुलगा शूहेई चार वर्षांपूर्वी नागोयाहून परतला आणि कारखाना बघू लागला. फेब्रुवारीत तो तिला म्हणाला, "सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा, निशिदेसान. अख्खा कारखाना फक्त तुम्हालाच माहीत आहे. आणि लोकांना समजावूनही तुम्हीच सांगा." ओसाकाच्या सल्लागाराने लिहून दिलेले तीन कागद त्याने तिच्या हातात ठेवले.

हे कौतुक होतं की निरोप, ते काझुएला ठरवता येईना. आपल्या जागेवर बसणारं माणूस आपणच शोधून आणायचं, असला हा प्रकार. त्या दिवसापासून तिचे पाय एका जागी ठरत नव्हते. तीनच्या जागी ती पाच फेऱ्या मारायची. घरी उभ्यानेच जेवायची. नोव्हेंबरात नवरा गेल्यापासून टेबलाशी बसायची तशीही घाई नव्हती.

पाहायला तीन सॉफ्टवेअर होती, ती या सभेआधीच पाहून झाली होती. पहिलं सल्लागाराच्या आवडीचं. चकाकत्या बुटांचा एक विक्रेता टॅब्लेट घेऊन थेट पॉलिशच्या खोलीत आला. यामागिशींनी चाक थांबवलं आणि पॉलिशच्या मेणाने काळं झालेलं बोट काचेवर टेकवलं. काही झालं नाही. जोराने दाबलं. काचेवर ठसा उमटला, बाकी काही नाही.

"मेलं वाटतं," यामागिशी म्हणाले.

"हात धुऊन बघता का जरा?" विक्रेता म्हणाला.

"दिवसातून चाळीस ट्रे येतात माझ्याकडे. चाळीस वेळा हात धुवू? मग फ्रेमा कोण घासणार, तू?"

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रेसाठी चौदा रकाने भरावे लागत. जोडकाम करणाऱ्या बायकांनी ते दोन दिवस भरले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक रकान्यात नुसतं 'ठीक' लिहिलेलं सापडलं.

तिसरं कानाझावाच्या एका लहान कंपनीचं. तिथून आलेल्या बाईने आल्या आल्या बॅगही उघडली नाही. तासभर पॉलिशच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहून ती लोकांचे हात बघत होती. मग बॅगेतून एक छोटं यंत्र काढून काझुएला म्हणाली, "तुमची कार्डं तशीच राहू द्या. त्यांच्यावर फक्त बारकोडच्या पट्ट्या छापू. कार्ड या डोळ्यासमोर धरायचं, बस्स." यामागिशींनी बरबटलेल्या हाताने नमुन्याचं कार्ड धरलं. यंत्र टीं करून वाजलं.

"नातवाचं खेळणं आहे असलंच," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं, हे काझुएला ठाऊक होतं. फोनवर सल्लागाराने नाक मुरडलं. यात आलेख नाहीत, अंदाज नाहीत, उद्या कारखाना वाढला तर काय?

"आलेख बघायला इथे कुणाला वेळ आहे?" काझुए म्हणाली. "हे हात न धुता चालतं." आणि तिने निवड करून टाकली.

उरला होता तो सोमवार. कशासाठी, हे तिला अजूनही माहीत नव्हतं.

गुरुवारी मुलाम्याला दिलेला माल आणायला ती शूहेईबरोबर गाडीतून निघाली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळके ढीग वितळत होते. काझुए सीटबेल्टचा पट्टा उगाच सैल करत होती, पुन्हा घट्ट करत होती.

"शूहेईसान, खरं कारण सांगा मला," ती एकदम म्हणाली. "मला काढायचं असेल तर तसं सांगा. मी तेही वाचून दाखवीन सगळ्यांना. पण कशासाठी ते माहीत नसताना मला बोलता येत नाही."

शूहेईने गाडी बाजूला घेतली. काचेवरचा वायपर चालूच राहिला.

"नऊ फोन," तो म्हणाला.

"काय?"

"नोव्हेंबरात तुम्ही रुग्णालयात होतात ना, त्या दोन दिवसांत. आपल्या कारखान्यातून तुम्हाला नऊ फोन गेले. दोन तर मीच केले. शेवटचा फोन नेमका कधीचा, ते मला नंतर कळलं. तुमच्या नणंदेने सांगितलं, अंत्यविधीला." तो समोर बघत होता. "पुन्हा असं होता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण सल्लागाराला कारण काय सांगायचं? म्हटलं, उत्पादकता लिहा. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तोंडच उघडेना."

काझुएने सीटबेल्टचा पट्टा ओढून घट्ट केला.

"मुलामेवाले पाचला बंद करतात," ती म्हणाली. "चला."

पुढचे तीन दिवस तिने हाताला लागेल ते काम केलं. कपाटं पुसली, नवऱ्याचे स्वेटर धुतले, वाळण्याआधीच घड्या घातल्या, पुन्हा उलगडून वाळत टाकले. रुग्णालयाचा तो व्हरांडा, जिथे ती फोनवर बोलत उभी होती, डोळ्यांसमोरून हलत नव्हता. नऊ फोन. तिने कधी मोजले नव्हते. आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की त्यातला एकही तिला नकोसा वाटला नव्हता.

सोमवारी ती कागद न घेता उभी राहिली.

"कशासाठी ते सांगते," ती म्हणाली. "माझा नवरा नोव्हेंबरात गेला. तुम्ही सगळे आला होतात. तादाओ गेला तो दुपारी दोन दहाला. दोन दहाला मी बाहेर व्हरांड्यात होते, फोनवर. कारखान्यातून फोन होता. एक निळा ट्रे सापडत नव्हता."

पॉलिशवाल्यांच्या टेबलाकडे तिने नजर जाऊ दिली नाही.

"फोन करणाऱ्याची काही चूक नव्हती. दुसरं कुणाला विचारणार? मला ठाऊकच नव्हतं, आज असं होणार ते. पण मागाहून बोलते असं म्हणता आलं असतं मला. त्याचा हात माझ्या हातात होता. तो सोडून मी उठले. कुणी भाग पाडलं नाही. सगळे मलाच विचारतात, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, ते मला आवडायचं. तेव्हाही आवडलं." तिने टेबलावरचा एक पेला उगाच सरळ केला. "म्हणून हे यंत्र. ट्रे कुठे आहे ते माझ्यावाचून कळायला हवं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा दिवस आला, तर इथून फोन जायला नको. उत्पादकतेचं मला काही कळत नाही. वाढली तर वाढेल."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यामागिशी उभे राहिले होते.

"तो फोन माझा होता," ते म्हणाले.

"हो."

"तू मला सांगितलंस, तिसरं कपाट, खालून दुसरा खण."

"होता ना तिथेच?"

"तिथेच होता." त्यांचे काळे हात त्यांनी मांड्यांवर दाबून धरले होते. "मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. तुझा नवरा कसा आहे, तेसुद्धा विचारलं नाही."

"घाईत होतात तुम्ही. माल निघायचा होता."

"इतके दिवस बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं, यामागिशीसान?"

ते कमरेत वाकले आणि तसेच राहिले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला इतका वेळ वाकून राहणं सोपं नसतं. काझुएही वाकली. दाराशी उभा असलेला शूहेई जमिनीकडे बघत होता. शेवटी जोडकामातल्या एका बाईनेच "चला, एक वाजला" म्हटलं आणि माणसं हळूहळू उठली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यंत्रं बसली. पहिले काही दिवस लोक कार्ड उलटं धरायचे, टीं वाजलं की दचकायचे. यामागिशी यंत्राला शिव्या द्यायचे, पण एकही ट्रे चुकवायचे नाहीत. दुसऱ्या कुणी विसरलं तर त्याचं कार्ड स्वतः नेऊन वाजवायचे. महिनाभरात काझुएला हाका येणं कमी झालं, मग थांबलंच. शूहेईने तिला बाहेरच्या कारागिरांचं काम दिलं. ते काम बरं होतं, बसून करायचं होतं. तरी आठ वाजले की ती उभी राहायची. टेबलाची कड धरून क्षणभर थांबायची, आणि कुठे जायचं नाही हे आठवलं की पुन्हा बसायची.

मे महिन्यात तिने एका बुधवारची रजा मागितली. आजारपण नाही, श्राद्ध नाही, पाहुणे नाहीत. कारणाच्या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. तो तिने कोराच ठेवला. शूहेईने काही न विचारता शिक्का मारला.

बुधवारी ती सकाळीच घर आवरून बाहेर पडली आणि बारापर्यंत नुसती चालत राहिली. शेतांत पाणी सोडलेलं होतं, लावणी चालू होती. कामाच्या दिवशी दुपारी आपलं गाव कसं दिसतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. स्टेशनमागच्या एका लहानशा दुकानात ती शिरली. आत दोन म्हातारे आणि ती.

"एक ताटली की दोन?" मालकिणीने विचारलं.

"एक."

थंड सोबा आला, कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया, वर किसलेल्या मुळ्याचा रस ओतलेला. पहिल्याच घासाला झणका थेट नाकात चढला. दुसऱ्या घासाला डोळे भरून आले आणि वाहायला लागले, थांबेचनात. तिने काड्या खाली ठेवल्या. खांदे हलू नयेत म्हणून टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरले.

मालकिणीने कागदी रुमालांचा डबा तिच्यासमोर सरकवला.

"यंदाचा मुळा फार तिखट निघालाय," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघत फडक्याने शेजारचं टेबल पुसू लागली.

"हो ना," काझुए म्हणाली.

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, ताटलीतला शेवटचा थेंबही पिऊन टाकला. मग कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत ती तशीच बसून राहिली. कुणीच तिला उठवलं नाही.

"अजून एक द्या," ती म्हणाली.