विशाखाचे चोवीस पत्ते

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची फूटपट्टी आहे. माझ्या एका टोकाला गंजाचे तीन ठिपके पडलेत. पाठ घासून इतकी गुळगुळीत झाली आहे की कागदावर मला नीट दाबून धरावं लागतं. पण माझ्या अंगावरच्या रेघा छापलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत. त्या बोटाला लागतात. म्हणून तर एका माणसाची नजर गेल्यावरही मी त्याच्या हातातून कायमची सुटले नाही.

त्या माणसाचं नाव कडुबा. सोयगावकडच्या एका खेड्यातून ते विशीत शहरात आले आणि गुलमंडीजवळच्या बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. शहागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी मला आणलं, तेव्हा मी चांदीसारखी चमकत होते. पुढची चाळीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून किती पुठ्ठे कापले, त्याची गणती नाही. कॉलेजचे प्रबंध, कचेऱ्यांची रजिस्टरं, फाटलेली क्रमिक पुस्तकं. कडुबांनी बांधलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की चारी कोपऱ्यांनी सरळ बसतं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. कडुबा नुसतं फडक्यानं मला पुसायचे. ते कौतुक माझंही होतं, हे मला त्या पुसण्यावरून कळायचं.

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी बाजूचं दिसेनासं झालं, नंतर समोरचं. डॉक्टरांकडे गेले तोवर उशीर झाला होता. दुकान सुटलं. खळीचा ब्रश, दाभण, कटर आणि मी, सगळे एका पत्र्याच्या पेटीत गेलो आणि ती पेटी पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली सरकली. गंजाचे ते ठिपके तिथलेच. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही.

पेटीतून मला सगळं ऐकू यायचं. कडुबा दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांना जरा कमी दिसतं. काठी घ्यायला ते तयार नव्हते. भिंत धरून चालायचे. त्यांची बायको गोजरबाई त्यांच्या वाटेतली स्टुलं, बादल्या गुपचूप बाजूला करायची. हळूहळू त्यांचं बोलणंही कमी झालं.

त्यांची एकुलती एक मुलगी विशाखा एका खाजगी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. वर्गातल्या मुलांसाठी ती खेळ शोधत असायची. जगात असे कितीतरी लोक आहेत, जे स्वतः बनवलेला पटावरचा खेळ इंटरनेटवर ठेवून देतात. कुणीही तो छापावा, पुठ्ठ्यावर चिकटवावा, कापावा आणि खेळावा. विशाखानं तसा एक खेळ कोपऱ्यावरच्या गोकुळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि जमिनीवर बसून स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापू लागली. एक पत्ता घरंगळत कडुबांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"हे कशानं कापलं, माय? पेटी काढ माझी."

त्या दिवशी मला तीन वर्षांनी उजेड दिसला. कडुबांनी गोडं तेल लावून मला घासलं आणि मुलीला शिकवायला बसले. जो भाग ठेवायचा त्याच्यावर पट्टी ठेवायची, म्हणजे कटर घसरला तरी वाया जाणाऱ्या कागदात जातो. एका दमात कापायचं नाही, हलक्या हातानं तीनदा फिरवायचं. बोटं पट्टीच्या कडेपासून आत. विशाखा कापायची आणि ते कान देऊन ऐकायचे. पातं बोथट झालं की आवाजावरून सांगायचे, टोक मोड आता.

तिथून पुढं त्या घरात रविवार आला की खळीचा वास यायला लागला. आणि एका रविवारी विशाखानं अण्णांसाठी खेळ बनवला. वडलांना ती अण्णा म्हणायची. सोयगाव ते संभाजीनगर असा एसटीचा रस्ता होता तो, ज्या रस्त्यानं कडुबा शहरात आले होते. पटावरच्या सोयगावच्या घरावर तिनं कापूस चिकटवला, अजिंठ्याच्या घाटावर पॉलिशपेपर, सिल्लोडला बाइंडिंगचं कापड, फुलंब्रीला तागाची सुतळी. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं. फाशावर फेव्हिकॉलचे थेंब वाळवून उंचवटे केले. बारा पत्त्यांच्या पाठीवर दाभणानं एक ते बारा टिंबं टोचली. एक टिंब म्हणजे चाक पंक्चर, दोन म्हणजे खिडकीची जागा मिळाली. अण्णांनी ते बाराही पाठ केले.

मित्रांनो, मी लाकडी पाटावर पडून ते दोघं खेळताना पाहिलं आहे. बोटं फिरवत फिरवत कडुबा बोलायला लागायचे. या घाटात एकदा कसं सगळ्यांनी उतरून गाडी ढकलली, सिल्लोडला कंडक्टरनं कसा चहा पाजला. जो माणूस दिवसभर गप्प असायचा तो तासभर थांबायचा नाही. गोजरबाई आतून ऐकत भाकरी थापायची.

मग विशाखानं ठरवलं की खेळ वाढवायचा. चोवीस नवे पत्ते. अण्णांनी सांगितलेल्या गोष्टी त्यात घालायच्या. पत्त्यांवर काय लिहिलंय ते मात्र ती सांगत नव्हती. कागद गोकुळकडं छपाईला टाकले आणि त्या रविवारी दुपारी ती अण्णांच्या खुर्चीजवळ येऊन बसली. म्हणाली, पडेगावच्या रस्त्याला अंध मुलांची एक शाळा आहे, तिथं हा खेळ न्यायचा आहे, आणि मुलांना तो तुम्ही शिकवायचा आहे.

कडुबांचा चेहरा एकदम बदलला. आपल्याला सगळ्यांसमोर कुठं बसवायचं चाललंय, हे त्यांना कळलं.

"मला आंधळ्यांत नेऊन बसवू नको, विशे. मी काय आंधळा हाय? जरा कमी दिसतं, एवढंच."

 विशाखानं हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं, शाळेचं राहू द्या. पण आज थोडं बसा माझ्याजवळ. नव्या पत्त्यांचं एक दाखवायचं आहे तुम्हाला. हातानं दाखवायचं आहे."

"पुढच्या रविवारी बघू," कडुबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मंगळवारी तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. गुरुवारी दवाखान्यात ठेवलं. आई गोजरबाई तिच्याजवळ, आणि कडुबा घरात एकटे, फोन हातात धरून. शनिवारी सकाळी विशाखा गेली. तिला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली नव्हती.

त्या घरात नंतर किती माणसं आली, बुद्धवंदना झाली, जलदानविधी झाला, ते सगळं मी ऐकलं. एक आवाज मात्र मला ऐकू आला नाही, कडुबांचा. ते रडलेही नाहीत. सगळे पाहुणे गेल्यावर गोकुळ दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात छापलेले कागद होते. ताईनं दिले होते, द्यावेत का नाही हे त्याला समजत नव्हतं.

कडुबांनी कागद मांडीवर घेतले. तळहात फिरवला. वरून खाली, खालून वर. छापलेला कागद त्यांच्या हाताला कोराच होता. मुलीनं लिहिलेलं सगळं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

"काका, वाचून दाखवू का?" गोकुळनं विचारलं.

"नको. नको वाचू." आणि पुन्हा कागदावर हात फिरवत, "टिंबं कुठली ठरवली होती तिनं? कोणत्या पत्त्याला किती?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गोकुळ एवढंच सांगू शकला की प्रत्येक पत्त्यावर वर मजकूर आहे आणि खाली दोन बोटं रुंदीची पट्टी कोरी सोडली आहे. ती कशासाठी, हे त्यालाही कळेना.

पत्ते मीच कापणार, असं कडुबा म्हणाले. गोजरबाईनं अडवून पाहिलं. शेवटी गोकुळनं प्रत्येक पत्त्याच्या चार कोपऱ्यांवर टाचणीनं भोकं पाडून दिली आणि कडुबा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत मला ठेवून कापू लागले. तीन हलके हात. मग पुढची रेघ. तेवीस पत्ते दुकानात निघायचे तसे निघाले. चोविसाव्याला मी सरकले. माझी पाठ गुळगुळीत, मला कागद धरता आला नाही. कटर पत्त्यातून तिरका गेला आणि त्यांच्या डाव्या तर्जनीच्या टोकात रुतला. पत्ता रक्तानं भिजला. तेव्हा कडुबा पहिल्यांदा रडले. बोट दुखलं म्हणून नव्हे. तिचा एक पत्ता आपण वाया घालवला, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. गोकुळ दुसरा छापून देतो म्हणाला, तो त्यांना नको होता. मित्रांनो, तो पत्ता माझ्यामुळं गेला. लोखंडाला रडता येत नाही, एवढंच.

त्यानंतर महिनाभरानं एका दुपारी ओट्यावर काठीचा टकटक आवाज आला. एक बाई घर विचारत रिक्षातून आल्या होत्या. नाव प्रेरणा, पडेगावकडच्या त्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांनाही दिसत नव्हतं, जन्मापासूनच. विशाखा शनिवारी यायची बंद झाली, फोन उचलेना, म्हणून त्यांनी तिच्या शाळेत चौकशी केली होती.

"शनिवारी? ती तर जादा तासाला जायची," गोजरबाई म्हणाली.

"माझ्याकडं यायची, काकू. सहा महिने. ब्रेल शिकायला."

उठलेल्या टिंबांची ती लिपी असते, बोटांनी वाचायची, हे बाईंनी समजावून सांगितलं. विशाखा ती डोळे मिटून शिकायची. पत्त्याखाली कोरी जागा सोडायचं बाईंनीच तिला सुचवलं होतं. कुठलीही खूण पाठ न करता अण्णांना पत्ता स्वतः वाचता यावा, म्हणून ती जागा होती. त्या रविवारी ती अण्णांचं बोट हातात धरून पहिलं अक्षर दाखवणार होती. तसं तिनं आदल्याच दिवशी, शनिवारी, बाईंना सांगितलं होतं.

कडुबा खुर्चीत बसून ऐकत होते. पुढच्या रविवारी बघू, हे शब्द त्यांना आठवले असणार. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

प्रेरणाबाईंनी पर्समधून एक जाड कागद काढला. पहिल्या पत्त्याचा मजकूर विशाखानं सरावासाठी त्यावर स्वतःच्या हातानं टोचला होता. दोन ठिकाणी चुकलेली टिंबं खोडली होती, तीसुद्धा बोटाला लागत होती. कडुबांनी उजव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं. मुलीचा हात जिथं जिथं टेकला होता तिथं ते फिरलं.

"काय लिहिलंय, मी सांगू?" बाईंनी विचारलं.

कडुबांनी मान हलवली. ती हलवलेली बाईंना दिसणार नाही, हे लक्षात येऊन मग ते बोलले, "नाय. मला शिकवा. मी आंधळा हाय, बाई. मला शिकवा."

दर शनिवारी गोकुळ दुकान तासभर बंद ठेवून त्यांना स्कूटरवर पडेगावला न्यायचा. चौसष्ट वर्षांचा विद्यार्थी. पुठ्ठ्यानं आणि खळीनं बोटांची कातडी जाड झालेली, त्यामुळं टिंबं नीट लागायची नाहीत. डाव्या तर्जनीवर तर माझ्या चुकीचा व्रण होता, तिला काहीच कळायचं नाही. रात्री झोपताना ते हाताला खोबरेल तेल लावायचे. तीन महिने गेले. मी पाटावर पडून त्यांना पुटपुटताना ऐकायचे, क, ख, ग.

एका सकाळी त्यांनी गोजरबाईला जवळ बसवलं, तो जाड कागद मांडीवर घेतला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. सोयगाव, त्यांनी वाचलं. अडखळत पुढची ओळ आली, कापूस भिजला. तिसऱ्या ओळीला वेळ लागला. एक अक्षर, मग दुसरं.

"एक डाव थांबा."

खेळातलं साधं वाक्य होतं ते. पण कडुबांचं बोट तिथून पुढं सरकेना. गोजरबाईनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.  मला वाटलं, आता हा कागद कापून पत्त्याला चिकटवतील, माझी गरज पडेल. पण कडुबांनी तो कापला नाही. घडी न घालता विशाखाच्या वहीत ठेवून दिला. पत्त्यांच्या कोऱ्या पट्ट्यांवर मग प्रेरणाबाईंनी, गोकुळनं त्यांना वाचून दाखवलेला मजकूर ब्रेलमध्ये टोचून दिला.

मित्रांनो, मी आजही दर रविवारी तेलाच्या फडक्यानं पुसली जाते. माझी काळजी घेणारे हात मला मिळाले, मला तक्रार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी पुठ्ठा कापत बसलं असेल, वेडंवाकडं काही चिकटवत असेल, आणि म्हणालं की जरा बसा माझ्याजवळ, एक दाखवायचं आहे, तर बसा. हातातलं काम राहू द्या, राग असला तर तोही राहू द्या. कडुबांना आता तेवीसही पत्ते वाचता येतात. समोर बसून खेळायला ती नाही.