दोन मीटर कमी

मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. गणितावर त्याचा इतका विश्वास की एवढा देवावरही कोणी ठेवू नये. म्हणून तर खाणीच्या उतारावरच्या अपघातात दाजी गेले तेव्हा ताईला तो छातीठोकपणे म्हणाला होता, "घाबरू नकोस. गणित खोटं बोलत नाही."

खाणवाल्यांचं म्हणणं, सुट्टी झाल्यावर दाजी रिकाम्या ट्रॉलीत बसून वरच्या टोकावरून खाली आले आणि वळणावर उलटले. दोष त्यांचाच. पायवाटेने उतरायचा कंटाळा, म्हणून मनाई असूनही सगळेच तसे यायचे. पण सोबतचे कामगार सांगत होते की दाजी वळणावर रूळ साफ करत होते आणि माल भरायच्या फलाटावरची भरलेली ट्रॉली ब्रेक सुटून त्यांच्यावर आली. ताईने हेच धरून ठेवलं होतं. मास्तरने अर्ज करून सगळ्या रुळाची उंची मोजून घेतली. उद्या चौकशी होती आणि आकडे आजच दोन्ही बाजूंना मिळाले होते.

ताईच्या स्वयंपाकघरात तो गणित मांडून बसला. फलाट बारा मीटर उंचीवर. फलाट आणि वळण यांच्यामध्ये एक टेकाड, ते चौदा मीटरवर. त्याचं पेन थांबलं.

"काय झालं रे?"

"ताई, ट्रॉली जेवढ्या उंचीवरून सुटते, त्याहून वर ती आपोआप चढत नाही. उतरताना मिळालेला वेग चढताना संपतो. फलाटावरून सुटली असती तर टेकाडाच्या अलीकडूनच मागे फिरली असती."

"मालाने भरलेली असली तरी?"

"वजनाचा संबंध नाही."

"कोणी ढकलली असेल."

"पळत्या माणसाच्या वेगाने ढकलावी लागेल, तीही भरलेली."

घर्षण धरलं तर सगळं आणखीच बिघडत होतं. वरचं टोक मात्र पंचवीस मीटरवर. तिथून सुटली तर टेकाडावर सेकंदाला जवळजवळ पंधरा मीटर, पाच मीटरवरच्या वळणावर वीस. उलटायला तेवढा वेग पुरून उरतो.

"मग कर ना कुठेतरी चूक," ताई म्हणाली. "तुला जमेल."

"त्यांच्या इंजिनिअरकडेही हेच आकडे आहेत. मीच मोजायला लावले."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता त्याने, तोही मोजूनमापून. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

ताईने कागद जवळ ओढला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "त्या दिवशी धाकटीला ताप होता. मी फोन केला, आज सुट्टी झाल्यावर जरा लवकर या म्हणून."

मास्तरने पेनाला टोपण लावलं.

"उद्या तू येऊ नकोस. मी एकटी जाते. सांगते, त्यांचा दोष लिहू नका, माझा लिहा."

तसं कोणी लिहून घेत नाही, हे मास्तरला ठाऊक होतं. पण तिला सांगायची त्याची छाती झाली नाही.