ताईचे अकरा श्वास

मी चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात काम करतो. तिथे मला सगळे 'उरलंसुरलं' म्हणतात, कारण मी गाणीच तशी ऐकतो. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं, सिनेमातून कापलेलं, खुद्द गायकालाही आठवत नसलेलं. गाजलेल्या गाण्याला माझी गरज काय? त्याला विचारणारे ढिगानं आहेत. अशी दोन बेवारशी गाणी शोधायची, एकाचा ठेका आणि दुसऱ्याचा गळा घ्यायचा आणि संगणकावर त्यांचा संसार थाटून द्यायचा, हा माझा नाद. त्याला मॅशअप म्हणतात. माझे भाऊजी भेसळ म्हणतात.

ताई, माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षांची असताना एका कॅसेटवर गायली होती. आठ नवे गळे, आठ गाणी, तिचं आठवं. त्या कॅसेटकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. पुढे ताई शाळेत गणित शिकवू लागली आणि गाणं भांडी विसळण्यापुरतं राहिलं. मला मात्र ते गाणं जगात सगळ्यात भारी वाटायचं. बहिणीचं म्हणून नव्हे. बरं, थोडं तसंही.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढे श्वाससुद्धा मानेला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तिनं ती कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"एवढी एकच आहे रे. संगणकात नीट उतरवून ठेव. नंतर मला मीच ऐकावीशी वाटेन ना."

"डोळ्यांत तेल घालून जपतो, ताई," मी म्हणालो.

गाणं उतरवलं खरं, पण शेवटची ओळ संपते न संपते तोच जुनी फीत यंत्रात गुरफटली आणि तिचा बोळा झाला. आता संगणकातली फाइल हीच एकुलती एक. शहाण्यानं तिथल्या तिथे दुसरी प्रत काढली असती. मुळाला हात लावू नका, असं मी दुनियेला सांगत फिरतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ताई दवाखान्यात होती तेव्हा तिला खूश करायचं माझ्या डोक्यात आलं. एका विसरलेल्या बँडचा ठेका काढला. तो होता जलद, आणि ताईचा गळा त्यावर बसेना, कारण ओळींच्या मध्ये ती श्वास घ्यायची. आम्ही लोक श्वास कापतोच; ते कोणाला ऐकायचे असतात? अकरा श्वास कापले आणि ओळी जवळ ओढल्या. शेवटच्या ओळीआधी तिला दम पुरला नव्हता, तिथे तिनं दोन श्वास घेतले होते. ते तर मी दोष समजूनच उडवले. गळा असा चपखल बसला की मी खुर्चीतून उठून नाचलो. आणि त्याच आनंदात ती कापलेली फाइल जुन्या नावानंच, मूळ फाइलच्या जागी, जतन केली.

ताई घरी आल्यावर रविवारी दुपारी मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. पहिल्या ओळीला ती हसली. दुसऱ्या ओळीला भुवया जवळ आल्या. तिनं हेडफोन उतरवले आणि वहीत लिहिलं, "मी श्वास कधी घेते?"

"ते कापले, ताई. ठेक्यासाठी."

"मूळ गाणं लाव."

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो. भाऊजी म्हणाले, "अरे, लाव ना."

"नाही उरलं," मी म्हणालो.

ताईनं वही मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं. भाऊजी मला दारापर्यंत सोडायला आले. "तुझी भेसळ करायला तुला हेच गाणं सापडलं का रे?" एवढंच म्हणाले. शरमेनं मला वर बघवेना.

नंतर मी माझ्यासारख्या सगळ्या वेड्यांना विचारलं. उरलंसुरलं जमवण्यात हयात घालवलेली माणसं ती. पण ती कॅसेट एकाकडेही नव्हती.

तीन आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. "बोलावलंय तिनं. माईक घेऊन ये. चहा मिळेलच असं नाही."

ताई टेबलाशी बसली होती. तिनं खुणेनंच गाणं लावायला सांगितलं, तेही ठेक्याशिवाय. पहिली ओळ संपताच पेन्सिल आपटली: इथे थांब. मग बोटांनी मापून दाखवलं, एवढी जागा सोड. प्रत्येक ठिकाण तिला पाठ होतं. मी कापलेल्या ओळी पुन्हा लांब सारत गेलो. शेवटच्या ओळीआधी तिनं पेन्सिल दोनदा आपटली.

मग माईक मानेजवळ धरून तिनं मान हलवली. मी गाणं सुरू केलं. एकोणीस वर्षांची ताई ओळ गायची, थांबायची, आणि त्या जागेत समोरची ताई भोकातून श्वास घ्यायची. खरखरीत, शिट्टी मिसळलेला श्वास. भाऊजी उठून खिडकीशी गेले. शेवटच्या ओळीआधी तिनं दोन घेतले.

रेकॉर्डिंग थांबलं. माझा हात सवयीनं खरखर साफ करायच्या बटणाकडे गेला. ताईनं सणकन पेन्सिल माझ्या बोटांवर मारली.

मी हात मागे घेतला. सगळ्यात आधी दुसरी प्रत काढली.