रोझ ॲटॉलला कुणी जात नाही

पद्मिनीच्या दहाव्याला कावळा शिवेना.

इथे अमेरिकेत, अल्फारेटाजवळच्या तळ्याकाठी आम्ही चौघं होतो. मी, मुलगा मिहीर, सून निधी आणि श्रीरंग गुरुजी. गुरुजी एरवी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सकाळची रजा टाकून आले होते. पिकनिकच्या टेबलावर पत्रावळ ठेवली, तिच्यावर भाताचा पिंड. समोरच्या पाइनवर तीन कावळे बसले होते. बघत होते, पण खाली येत नव्हते.

"बाबा, इथल्या कावळ्यांना हे माहीतच नसेल," निधी हळूच म्हणाली.

"भात सगळ्यांना माहीत असतो," गुरुजी म्हणाले. "काकूंची काही इच्छा राहिली असेल. बोला."

मिहीरने हात जोडले. "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही. आमच्याकडे आणतो." कावळे हलले नाहीत.

मी म्हणालो, "अगं, गोळ्या वेळेवर घेईन." एका कावळ्याने पाठ फिरवली. त्या बाबतीत तिचाही माझ्यावर कधी विश्वास नव्हता.

बराच वेळ गेला. मग मिहीर एकदम म्हणाला, "मला कळलं. आई, तुला रोझ ॲटॉलला नेतो. तुझी रक्षा तिथे सोडतो. परमिटसाठी वकील लावीन, बोट करीन. प्रॉमिस."

कावळे उडाले आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसले. मिहीरला रडू फुटलं. मला वाटलं, ती अशीच अडकून राहिली तर?

हे रोझ ॲटॉल काय ते सांगतो. पद्मिनी गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करायची आणि त्यातली निम्मी वाचायची. आमच्या स्वयंपाकघरात जगाचा नकाशा आहे. मी एसी दुरुस्तीची कामं उरकून घरी आलो की ती चहा ठेवायची आणि नकाशावरची एखादी जागा मला समजावून सांगायची. तिची सगळ्यात लाडकी जागा ही. अमेरिकेच्या ताब्यातली सगळ्यात दक्षिणेकडची जमीन, सामोआच्या पूर्वेला, भर समुद्रात. फार पूर्वी तिथे ज्वालामुखीचं बेट होतं. ते हळूहळू खचलं आणि त्याच्या कडेने प्रवाळ वाढत राहिलं. आता डोंगर नाही. गुलाबी रंगाची चौकट उरली आहे, आत शांत पाणी आणि दोन छोटी बेटं. माणूस एकही नाही.

दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच कप्तानाने त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं. बायकांना बंदी असताना ही रोझ पुरुषाचे कपडे घालून त्याच्या जहाजावर चढली होती.

"बघा," पद्मिनी म्हणायची, "त्याने बायकोचं नाव बेटाला दिलं. तुम्ही कशाला दिलंत?"

"वायफायच्या पासवर्डला."

"तोही मीच टाकलाय."

एकदा मी खरंच म्हणालो, "चल, जाऊ या तिकडे." ती चहा गाळता गाळता थांबली.

"नको हो. माणसं गेली की काय होतं ते वाचलंय मी. उंदीर पोचले. मासेमारीची बोट आपटली, तेल सांडलं, कितीतरी प्रवाळ मेलं. ते लोखंड काढायलाच वर्षं गेली. आता उंदीर संपवलेत आणि लोकांना जायला बंदी केलीय. समुद्रपक्षी राहतात, कासवं अंडी घालतात आणि फिजीकडे निघून जातात. तिथे आपण दोघं कशाला? एक तरी जागा असू दे की. ऐकताय ना?"

मिहीर तेव्हा त्याच्या घरी होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मी टेबलाजवळ गेलो आणि मोठ्याने बोललो. "पद्मिनी, पोराचं मनावर घेऊ नकोस. आम्ही कुणी तिकडे जाणार नाही. तुझी रक्षाही नेणार नाही. ते पक्ष्यांचं आहे, पक्ष्यांचंच राहू दे."

मधला कावळा खाली आला. टेबलावर दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

मिहीर डोळे पुसत हसला. "म्हणजे आईला जायचंच नव्हतं?"

"नाही रे. ते आहे, एवढंच तिला पुरत होतं."

गुरुजींनी आमच्यासाठी अकराची मीटिंग कॅन्सल केली होती, हे मागाहून कळलं. त्यांनी दक्षिणाही घेतली नाही.

कावळ्याला भूक लागली असेल. असू दे. मी त्याला हात जोडले.

आता संध्याकाळचा चहा मीच करतो. अजून जमत नाही, पण पिण्यासारखा होतो. कप घेऊन नकाशासमोर उभा राहतो. इथे ऊन उतरतं तेव्हा तिथे चढत असतं. ज्यांनी तिथे लोकांना जायला बंदी केली त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांचे आभार मानतो. मग तिचे मानतो. दिवसभर कामं करून आलेल्या माणसाला तिने इतकी वर्षं जग दाखवलं.

ऐकताय ना, असं ती दर वेळी विचारायची. मी नुसतं हूं म्हणायचो. पण ऐकत होतो.