हातातली टीप

आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरा वाजता आगीची तालीम होते. ती घेणारा मी. गळ्यात शिट्टी असते, म्हणून सगळ्या जणी मला शिट्टीच म्हणतात. पहिल्या तालमीत बायका घाबरून जिन्यात एकमेकींवर पडल्या, तेव्हापासून मी एकच घोकून घेतलंय: घाबरायचं नाही, हातातली टीप पूर्ण करायची, मशीन बंद करायची, मग उठायचं. आणि दर वेळी ‘आज खरी आग आहे’ असंही बजावतो. मोठा शहाणाच ना मी!

आज पहिलाच मंगळवार. अकराला दहा कमी असताना तळमजल्याच्या कापड गोदामातून काळा धूर निघाला. तिसऱ्या मजल्यावर मी एकटाच बसतो, तिथल्या खिडकीतून तो दिसला. मी घंटेचं बटण दाबलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत थेट पहिल्या मजल्यावर आलो. तिथे माझी ताई शिवायला बसते.

घंटा ठणाणत होती आणि चाळीस मशिनी चालू होत्या. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. कोणी उठत नाही म्हणून कोणीच उठत नव्हतं.

“काय रे शिट्टी, आज दहा मिनिटं आधीच?” ताई मान वर न करता म्हणाली. खसखस पिकली.

“खरी आग आहे!”

“दर महिन्याला खरीच असते तुझी. एवढी बाही होऊ दे.”

लांडगा आला रे आला, दुसरं काय! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दारातून धूर आत येत होता. मी तिचा हात धरला.

“ताई, मला भीती वाटतेय.”

तिने वर पाहिलं. लहानपणी विहिरीत पडलो होतो, त्यानंतर हे माझ्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. टीप अर्धवट टाकून ती उठली. ती उठली तशी शेजारीण उठली, मग रांगच्या रांग.

जिन्यात डोळे चुरचुरत होते. सगळ्या खाली उतरल्या आणि ताई थबकली.

“दुसऱ्या मजल्यावर सांगायला कोण गेलंय?”

खाली येताना मी त्याच दारावरून धावलो होतो, आत डोकावलोही नव्हतो.

ताईने माझा हात सोडला. डोक्यावर मशिनी चालूच होत्या. मी शिकवलं तसं, सगळ्या जणी हातातली टीप पूर्ण करत होत्या.