कमाईचा रकाना

"आमचेच पैसे आम्ही तुमच्याकडं ठेवले, मग आमच्या घरात महिन्याला किती येतं नि कुठनं येतं हे तुम्हाला कशाला पायजे?"

हा प्रश्न बँकेत, भर रांगेत, काचेपलीकडच्या बाईला विचारायचा, अशी पैज माझ्या वर्गातल्या टनोया नि केशीनं माझ्याशी लावली होती. विचारला तर आठवडाभर दुपारची पॅटी त्यांच्या पैशांनी, नाहीतर माझ्या. मागच्याच महिन्यात शाळेच्या वादविवादात मी वरच्या वर्गातल्या पोरांना गार केलं होतं. तेव्हापासून माझी जीभ माझ्याही ताब्यात नव्हती.

बँकेत जायचं कारण मात्र पैजेचं नव्हतं. आईच्या खात्याला कुलूप लागलं होतं. बँकेनं सगळ्या जुन्या खातेदारांची माहिती नव्यानं मागवली होती, नि ती देईपर्यंत आतला पैसा आतच. त्यातच माझ्या बोर्डाच्या परीक्षेची फी होती. भरायची शेवटची तारीख शुक्रवार. आई नि मी गेलो मंगळवारी, सकाळी दोन तास रानात गवत अंथरून मग.

आमचं पेशन्स हिल म्हणजे सेंट एलिझाबेथ परगण्यातला कोरडा डोंगर. सगळ्या जमैकाला भिजवून उरलाच तर पाऊस आमच्याकडं येतो. माती लाल, चर्चला निघताना घातलेल्या पांढऱ्या मोज्यांपर्यंत चढणारी. इथं पातीचा कांदा वाळक्या गवताच्या जिवावर येतो. सरीत गवत दाबून बसवायचं, त्याखाली ओल धरून ठेवायची, वर टँकरचं विकतचं पाणी डब्यानं घालायचं. बा म्हणतो, "आपण कांदा पिकवत न्हाई, लपवून ठिवतो. उन्हापासनं आन् माणसापासनं."

माणसापासून, कारण आमच्याकडं उभं पीक रातोरात उपटून नेतात. म्हणून डोंगरावर एक रीत पडली आहे. कुणी विचारलं, "पीक कसं हाय?" तर सांगायचं, "कुठलं काय." रान हिरवंगार डोलत असलं तरी "कुठलं काय." पाद्रीबाबांनी विचारलं तरी तेच.

काचेपलीकडची मिस डेलिसर वाईट नव्हती. आईला बसायला खुर्ची दिली, फॉर्म स्वतःच भरायला घेतला. नाव, पत्ता झाला. मग म्हणाली, "मिस आयोना, महिन्याला साधारण कमाई किती?"

आईनं मागं बघितलं. रांगेत अर्धा डोंगर उभा होता. अगदी आईच्या पाठीला लागून मास क्लोविस, आमच्या बांधाला बांध असलेला.

"कुठलं काय, बाई," आई म्हणाली. "पाचेक हजार निघत्यात कसंबसं."

पाच हजारांत आमच्याकडं टँकरभर पाणीसुद्धा येत नाही.

मिस डेलिसरनं पेन खाली ठेवलं. "मग गेल्या वर्षभरात या खात्यात साडेतीन लाख कुठून आले?"

आईनं पुन्हा मागं बघितलं. तेवढ्यात मला पैज आठवली नि मी प्रश्न विचारला. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"विचारलंस ते बरं केलंस," मिस डेलिसर म्हणाली. "फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडणारी पोरं ऐकलीस ना? ती चोरीचा पैसा स्वतःच्या खात्यात ठेवत नाहीत. एखाद्या गरीब बाईच्या नावावर फिरवतात. बाईची नेहमीची कमाई आम्हाला ठाऊक असली तर आगळंवेगळं काही आलं की लक्षात येतं. कायद्यानं विचारावंच लागतं आम्हाला. आता तुझी आई म्हणते पाच हजार, नि खात्यात येतात महिन्याला तीस हजार. मी काय समजू?"

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं.

"माझी आई चोर न्हाई," मी म्हणाले, नि आवाज वादविवादातला लागला. "खालच्या रानात तीन पट्टे कांदा उभा हाय. बाराशे पौंड निघंल. पुढच्या आठवड्यात काढणी. गेल्या खेपेला हजार निघाला हुता. लिवा."

रांगेतल्या माना आमच्याकडं वळल्या. आईनं माझ्या कोपरावर चिमटा काढला.

मिस डेलिसर मात्र खूश झाली. "हेच आधी सांगायचं ना. शेतकी अधिकाऱ्यानं रान बघून चिठ्ठी दिली की लगेच खातं उघडते."

परतीच्या टॅक्सीत डोंगर चढताना आई म्हणाली, "आपलं रान तू आज बाजारात मांडलंस."

"खरं तर बोलले, आई."

"खरं बोलायलाबी जागा बघावी लागती, पोरी."

शेतकी अधिकारी मिस्टर मोक्सम गुरुवारी सकाळी येणार होते. मंगळवारची रात्र बा कोयता घेऊन रानात बसला. बुधवारी दिवसभर डोक्यावर पाणी वाहिलं नि रात्री वरच्या बांधाला पुन्हा जाऊन बसला. पहाटे त्याचा डोळा लागला. उजाडलं तेव्हा कोयता उशाला तसाच होता, नि खालचे तिन्ही पट्टे मोकळे. गवत बाजूला सारलेलं, मातीत नुसती भोकं. भोकांत ओल होती अजून.

मिस्टर मोक्सम दहाला आले. वाकून माती चिमटीत घेतली नि बाला म्हणाले, "विनरॉय, इथं पीक हुतं, दिसतंय मला."

"मग तसं लिवा की, सायेब."

"चिठ्ठीत इचारलंय, उभं पीक किती. हुतं किती, असा रकानाच न्हाई."

"चोरी झाली म्हनून लिवा."

"पोलिसाचा कागद हाय का?"

"कांद्यावर नाव लिवलेलं असतंय व्हय?" बा म्हणाला. मिस्टर मोक्समनी मान हलवली, शून्य घातलं नि सही केली.

दुपारी मास क्लोविस हिरव्या केळ्यांची फणी घेऊन आला. "लई वाईट झालं, आयोना," म्हणाला. आई त्याच्या नखांकडं बघत राहिली. नखांत लाल माती होती. पण ती आमच्याही होती.

खातं बंदच राहणार, म्हणून संध्याकाळी बा फीसाठी उसने मागायला चार घरी गेला. चारी घरी एकच उत्तर. कुठलं काय, विनरॉय. खरं म्हणत होते की रीतीनं, ते बाला कसं कळणार? इतकी वर्षं त्यानंही दुसरं काय सांगितलं होतं?

शुक्रवारी फाटकाशी टनोया पैजेची पॅटी घेऊन उभी होती. मी ती तिलाच खायला लावली. तीन वाजता शाळेतल्या कारकुनानं फीचं रजिस्टर मिटलं.

घरी आले तर आई नि बा खालच्या रानात, मोकळ्या सरीत पुन्हा गवत अंथरत होते. कुणी वर बघितलं नाही. मी दप्तर बांधावर ठेवलं, बूट काढले नि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बा, आई, मी यंदा परीक्षेला बसत न्हाई. सोमवारपासनं रानात येते. आन् नवी रोपं लागल्यावर मला कुणीबी इचारू दे पीक कसं हाय म्हनून, बँकेनं इचारू दे न्हाईतर पाद्रीबाबांनी. मी सांगणार, कुठलं काय."